पोपडे

घरबसल्या परदेशी मालिका मिळू लागल्या आणि आमच्या मेहुण्याचा स्टुडिओ बंद पडला. आता नेपथ्याचं काम मिळतं तेही त्याच मालिका बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडून. त्यानेच चित्रीकरणासाठी आमचं घर सुचवलं, म्हणून माझ्या बायकोने हौसेने भिंती रंगवून घेतल्या.

कंपनीचे साहेब आले आणि म्हणाले, "घर फारच नीटनेटकं आहे. बाहेरच्या प्रेक्षकांना इथलं वाटणार नाही. ओल दाखवा, पोपडे दाखवा."

मेहुणा निमूटपणे काजळीचा डबा उघडू लागला.

"माझ्या भिंतीला हात लावून बघ," बायको म्हणाली. "पोपडेच हवेत ना? तुझ्या घरी ने त्यांना. तिथे फुकट आहेत."

"ताई, नंतर मी स्वतः रंग देतो. हे काम गेलं तर दुसरं नाही गं."

"आणि जगभर आपली शोभा होईल ती?"

साहेबांनी वाद घातला नाही. समोरचे शेजारी लगेच तयार झाले. मेहुण्याने संध्याकाळपर्यंत त्यांच्या भिंतींवर इतकी हुबेहूब ओल उतरवली की साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

मला मेहुण्याचा राग आला नाही. ज्याने आयुष्यभर चार फळ्यांवर राजवाडे उभे केले, त्याला पोटासाठी आपल्याच गल्लीतली चांगली घरं विद्रूप करावी लागतात, याची चीड आली. पण साहेबांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

तो जेवायला आला. बायकोने त्याला पोटभर वाढलं, पण एक अक्षर बोलली नाही.