मादाम ज्यानेतचा गेलेला तिखटपणा

वसंतात अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या एस्सेलिनच्या जिभेवर तिच्या मुलीने पिकलेल्या मादाम ज्यानेत मिरचीची आतली बाजू घासली, तेव्हा एस्सेलिनच्या डोळ्यांत पाणी आले नाही, कपाळावर आठी उमटली नाही आणि तिने तोंडही फिरवले नाही.

हे मला मुरिएलने, म्हणजे त्या मुलीने, शनिवारी सांगितले. रॉटरडॅमच्या उत्तरेला बांधाखाली आमच्या भाड्याच्या बागा आहेत. दर सप्टेंबरमध्ये एका शनिवारी तिथल्या सामाईक शेडमध्ये आम्ही आपापल्या मिरच्या आणि त्या घालून केलेला एकेक पदार्थ घेऊन जमतो. नुरेत्तिन तुर्कस्तानातल्या उर्फा गावच्या काळपट मिरच्या आणतो. दिवसा उन्हात आणि रात्री गुंडाळून वाळवण्याची त्याच्या गावची रीत तो इथे स्वतःच्या मोटारीच्या काचेमागे पाळतो. पिरोश्का हंगेरीची. तिच्या चेरीएवढ्या लाल मिरच्या दिसायला गरीब आणि खायला अघोरी असतात. मी इथलाच, बियाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला; सगळे मला शेजारी म्हणतात. माझ्या मिरच्यांबद्दल कोणी काही बोलत नाही.

"ही मिरची म्हणायची की मनुका?" पिरोश्काने नुरेत्तिनची बशी हुंगली. "गाडीचा वास येतोय हिला."

"तुमच्यात पाप्रिकाच्या भुकटीला मिरची म्हणतात. तू तर बोलूच नकोस."

"मग ही चाव ना. घाबरलास? शेजारी, पाण्याचा जग आणा, याला लागेल."

मुरिएलने तपकिरी घेवड्याचे पातेले टेबलावर ठेवले. वर नेहमीप्रमाणे एक अख्खी मादाम ज्यानेत तरंगत होती. मुरिएलच्या मायदेशाची, सुरिनामची, ही पद्धत आम्हाला पाठ आहे: मिरची देठासकट सोडायची, फुटू द्यायची नाही, वास उतरला की अलगद उचलून टाकायची. मिरची फुटली तर स्वयंपाक बिघडला असे मुरिएल मानते. तिला स्वतःला पोटाच्या विकारामुळे तिखट चालत नाही, त्यामुळे ही काळजी ती दुप्पट घेते.

ती वाढायला उभी राहिली आणि तशीच बसली.

"शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावलंय," ती म्हणाली. "आईला चमच्याने भरवणं थांबवायचं का, ते ठरणार. नुसते ओठ ओले करायचे, बाकी काही नाही."

एस्सेलिन शुश्रूषागृहात होती हे सर्वांना माहीत होते. ती घास तोंडात धरून बसते, तो गालात तसाच राहतो, हेही माहीत होते. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मुरिएलला सांगितले होते की तोंडात काही संवेदना उरली असेल तर प्रयत्न चालू ठेवता येतील. घरची, ओळखीची, तीव्र चव आणून पाहा.

"घरची तीव्र चव म्हणजे दुसरं काय असणार?" मुरिएल म्हणाली. "पारामारिबोहून आईने आणलेलं हे बी. चार दशकं मी ते जपलंय. त्या बाई समोर उभ्या होत्या, मी कापून जिभेवर घासली. दगडावर घासावी तशी. बाईंनी लगेच लिहून घेतलं."

"अगं ताई, मिरचीच नरम निघाली असेल," नुरेत्तिन समजुतीने म्हणाला. "माझी गोड मिरची तुझ्या वाफ्याला लागून आहे ना, तिची हवा लागली असेल यंदा."

हा समज बागेत जुना आहे आणि मी तो दरवर्षी खोडतो. शेजारचा पराग फळ बदलत नाही, फक्त त्याच्या आतले बी बदलतो. शिवाय त्याची आणि हिची जात सहजासहजी जुळत नाही. मी हे पुन्हा सांगू लागलो.

"पुरे करा हो शेजारी!" मुरिएल ओरडली. "माझी आई मरतेय आणि तुम्हाला पराग सुचतोय! मिरचीत काय खोट असणार? ही बघा, ही!"

तिने पातेल्याशेजारच्या टोपलीतली एक मिरची घेतली, दोन्ही हातांनी उभी फाडली, आतल्या पांढऱ्या शिरा अंगठ्याने खरवडून टेबलावर टाकल्या आणि मग तिला रडू फुटले. पिरोश्काने तिला जवळ घेतले. मुरिएल त्याच अंगठ्यांनी डोळे पुसत राहिली.

मी पाहत होतो. निर्दयपणे पाहत होतो असेही म्हणता येईल. त्या शिरांमध्येच तिखट असते. ते डोळ्यात गेले तर माणूस नळाकडे धावतो. मुरिएल धावली नाही. नुसती रडत होती.

"मुरिएल, डोळे चुरचुरतायत?"

"काय?"

"आग होतेय का डोळ्यांची?"

तिने हात खाली घेऊन बोटांकडे पाहिले. मी टेबलावरची शीर उचलून चावली. फळाचा, जर्दाळूसारखा सुगंध तोंडभर पसरला. आणखी काही झाले नाही. पिरोश्काने अर्धी मिरची सरळ तोंडात टाकली.

"मुरब्बा करा हिचा," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःचे तोंड हाताने झाकले.

मुरिएलच्या काचघरातल्या प्रत्येक झाडाचे एकेक फळ आम्ही कापले. एकही तिखट नव्हते.

"मग आईला लागलं नाही, ते..." मुरिएलने वाक्य पुरे केले नाही.

"त्यातून काहीच सिद्ध होत नाही," मी म्हणालो. "लागतं असंही नाही आणि लागत नाही असंही नाही." मला यापेक्षा बरे काही सुचले नाही. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी मान वळवली.

त्याच दुपारी पिरोश्काची एक लाल मिरची घेऊन आम्ही शुश्रूषागृहात गेलो. त्या बाई कामावर होत्या. मिरची घेऊन आलेले दुसरे शिष्टमंडळ पाहून त्या खूश झाल्या नाहीत, पण थांबल्या. मिरची पिरोश्काने कापली आणि बोटाचे टोक एस्सेलिनच्या खालच्या ओठाला टेकवले.

पुष्कळ वेळ काहीच घडले नाही. मुरिएलने पलंगाचा कठडा घट्ट धरला. माझ्या मते प्रयोग संपला होता.

मग एस्सेलिनचे डोळे भरले. उजवा हात चादरीवरून उठला आणि तिने पिरोश्काचे बोट फटकारले. ती गिळू लागली. एकदा, आणि पुन्हा.

"आई, मारलंस तिला! आई, पुन्हा मार!" मुरिएल म्हणत होती.

त्या बाईंनी आधीची नोंद खोडली. शुक्रवारच्या बैठकीत भरवणे तूर्त चालू ठेवावे असे ठरले. पुढे काय, ते कोणी सांगितले नाही आणि मुरिएलनेही विचारले नाही.

राहिला प्रश्न मिरचीचा. मुरिएलच्या समोरच्या वाफ्यात पूर्वी व्हेनेझुएलाचे एक जोडपे होते. त्यांनी गावाकडची एक मिरची लावली होती: मादाम ज्यानेतच्याच जातकुळीची, पिकून पिवळी होणारी, तशीच सुगंधी, पण मुळीच तिखट नसलेली. त्यांच्या इथल्या शेवटच्या उन्हाळ्यात मधमाश्यांनी तिचा पराग मुरिएलच्या फुलांवर आणला. त्या बियांची झाडे दुसऱ्या वर्षी आली. त्यांची फळे तिखटच होती, कारण अशा संकरात तिखटपणा वरचढ ठरतो. तिसऱ्या वर्षी चारांतले सरासरी एक झाड बिनतिखट निघाले. मुरिएल दरवर्षी एकाच फळाचे बी धरते आणि ते फळ वासावरून निवडते. त्या वर्षी तिने निवडलेले फळ बिनतिखट झाडाचे होते, म्हणून यंदाची सर्व झाडे बिनतिखट आहेत. हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण तिच्या स्वयंपाकात मिरची अख्खी पडते आणि अख्खीच बाहेर निघते.