जयूताईंची सुगंधी हळद

"दादा, फाइल मिट आणि घरी चल," यज्ञेश्वर माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला. माझा धाकटा भाऊ विद्युत मंडळाच्या ऑफिसात कधी आला नव्हता. मी उठेना, तेव्हा त्याने ती फाइल माझ्या हातातून काढून घेतली. तेव्हा मला कळलं. माझी बायको रजनी ओसरीत कुणासाठी तरी उटण्याची हळद चाळत बसली होती, ती तशीच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी माधव नगरात घरी पोचलो, तर बायका तिचे पिवळे हात पुसत होत्या.

तो श्रावण होता आणि मार्गशीर्षात आमच्या एकुलत्या एक मुलीचं, तेजूचं लग्न ठरलेलं. तेराव्यालाच वडीलधारे म्हणाले, वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा. तेजू म्हणाली, आईने धरलेली तारीख आहे, तीच ठेवा.

विधुराला मुलीच्या लग्नात तसं काम नसतं. कन्यादानाला यज्ञेश्वर आणि त्याची बायको अलका बसणार होते. मी मंडपवाल्याकडे आणि हलवायाकडे चकरा मारत होतो. पण घर माणसांनी भरलं आणि, खरं सांगतो, बऱ्याच महिन्यांनी मला जेवणाला चव लागली.

लग्नाच्या चार दिवस आधी विहीणबाई, जयूताई, शहरातल्याच नानाखेड्याहून आल्या. त्यांनी पर्समधून एक निळी बाटली काढली. इंदूरला नवीन दुकान निघालं होतं, तिथे आता बाहेरच्या देशांतला माल मिळायला लागला होता. गुलाब, चमेली, लवंग आणि आणखी कशाकशाचं सुगंधी तेल होतं ते. नवऱ्या मुलाच्या, आल्हादच्या हळदीत हे घालणार, म्हणाल्या. त्यांनी झाकण उघडलं तशी स्वयंपाकघरातून अलका बाहेर आली. वास खरंच छान होता.

आमच्यात नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे येते आणि तीच तिला लावतात. ती परत पाठवत नाहीत. हळद नाकारली तर मुलगा नाकारल्यासारखं होतं.

रजनी माधव नगर-फ्रीगंजातल्या कितीतरी मराठी घरांना हळद आणि उटणं करून द्यायची. वासाची कुठलीही नवी वस्तू आली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावायची, दोन दिवस थांबायची, मगच तोंडाला. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "तोंड एकच असतं."

मी जयूताईंना म्हणालो, थोडं तेल ठेवून जा, तेजूच्या कोपराला लावून बघतो.

त्या हसल्या. "अहो श्रीपादराव, फुलांचं आहे हे. नॅचरल. केमिकल थोडंच आहे?"

"बिब्बाही झाडालाच लागतो, ताई."

अलकाने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. जयूताईंचा चेहरा उतरला. "बघा मग, आमची हळद पास होते का," असं म्हणून त्यांनी वाटीत चमचाभर तेल ओतलं आणि चहा अर्धा टाकून गेल्या.

हळदीत जेवढं पडलं असतं तेवढंच मी तिळाच्या तेलात मिसळलं. तेजू चिडली. "बाबा, त्या घरात मी राहायला जाऊन राहिले, तुम्ही नाही," म्हणाली. पण हात पुढे केला. मी माझ्याही कोपराला लावलं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही काही नाही. अलका म्हणाली, विहिणीला फालतू नाराज केलंत. मलाही तसंच वाटायला लागलं.

हळदीच्या दिवशी सकाळी तेजू बाही वर करून माझ्यासमोर उभी राहिली. कोपरात लाल चट्टा आणि त्यावर मोहरीएवढे फोड. माझा हात स्वच्छ होता.

ती घाबरली होती. मला मात्र आनंद झाला. चट्टा कोपरावर होता, तोंडावर नव्हता. चपला घालता घालता मी तिला दोनदा सांगितलं, तुझी आई बरोबर होती.

नानाखेड्याला फोन लावला, तर लग्नघरात कुणी उचलेना. आल्हादला एकदा ती हळद लागली की ती उष्टी होणार, आणि मग ती इकडे येणारच. मी स्कूटर काढली. फ्रीगंजच्या टॉवरपाशी एका हातगाडीने रस्ता अडवला होता. "भाई साहब, हटना ज़रा, शादी का मामला है," मी म्हणालो.

"तो घोड़ी पे आना था ना, अंकल," गाडीवाला म्हणाला आणि बाजूला झाला. मी हसत सुटलो. श्रावणानंतर पहिल्यांदा, आणि तेही भर रस्त्यात.

हळदीचा वास त्यांच्या फाटकापर्यंत येत होता. आल्हाद पाटावर बसला होता आणि पाच सवाष्णी हातात आंब्याची पानं घेऊन उभ्या होत्या. सवाष्णींच्या कार्यात आपण शिरू नये म्हणून मी दारातच थांबलो.

"जयूताई, लावू नका. तेजूला पुरळ उठलंय."

आल्हादची मावशी म्हणाली, "नाजूकच दिसते मुलगी." जयूताई दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे सांगायला तुम्ही असे भर कार्यात आलात?"

मी त्यांना माझा कोपर दाखवला. "तुमचं तेल वाईट आहे असं नाही म्हणत मी. हे बघा, मला काही झालं नाही, आल्हादलाही कदाचित होणार नाही. पण तिला सोसत नाही. आणि ही हळद आली तर ती तुमच्यासाठी तोंडभर लावून घेईल. म्हणून आलो."

जयूताईंनी हातातल्या हिरव्या बांगड्या वर सरकवल्या. खाली मनगट लाल झालं होतं. त्या रोज तिथे अत्तरासारखं तेच तेल लावत होत्या, तेही नुसतंच.

"मला वाटलं बांगड्यांनी खाजतंय," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. "ती वाटी उचला. दुसरी कालवा, साधी."

मावशी म्हणाली, मुहूर्त टळेल. पाटावरून आल्हाद म्हणाला, "मावशी, मी कुठे पळून राहिलो? बसलोय ना." तेव्हा बायका हसल्या.

निघताना जयूताईंनी ती बाटली माझ्याकडे दिली. "तुम्हीच न्या. इथे राहिली तर कुणीतरी घालेलच." मी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि घरापर्यंत स्कूटरवर गुणगुणत आलो.

दुपारी त्यांच्याकडून उष्टी हळद आली. तिला फक्त हळदीचा वास होता. जयूताईंनी स्वतः तेजूच्या गालाला लावली, मग अलकाने, मग बाकीच्यांनी. शेवटी अलका म्हणाली, "आईच्या वाटणीची राहिली. दादा, तुम्ही लावा."

कुणी हरकत घेतली नाही. जयूताईंनीच वाटी पुढे केली. मी हात उचलला आणि मला गुलाबाचा वास आला. बाटलीचं झाकण सैल होतं. खिसा भिजला होता, आणि तो चाचपताना माझी बोटंही.

मी नळाशी जाऊन साबणाने हात धुतले, मग बेसन लावून धुतले. वास जाईना. परत आलो, तर तेजू डोळे मिटून, तोंड वर करून बसली होती. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि अलकाला म्हणालो, राहू दे.

रजनीच्या वाटणीची हळद तेजूला लावायची राहिली.