गावाचा रकाना

मी एक सागवानी फलक आहे. अमरावतीच्या एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत, तळमजल्यावरील व्हरांड्यात मी एकोणीस वर्षांपासून भिंतीवर आहे. ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी’ ही अक्षरे माझ्या कपाळावर आहेत. कपाळी असे काही लिहिलेले असता विनम्र राहणे कठीण जाते. तथापि मी प्रयत्न करतो.

माझे लाकूड मेळघाटातले, आणि मला घडविले परतवाड्याच्या एका सुताराने. सूर्यभान पेंटर यांनी मला काळा रंग दिला, त्यावर पिवळ्या रेघांनी चार रकाने आखले आणि त्यांना शीर्षके दिली : वर्ष, नाव, पदवी, गाव. तेव्हापासून दरवर्षी वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी ते शिडी घेऊन येतात आणि एखाद-दोन नावे लिहून जातात. आजपर्यंत सव्वीस नावे झाली. त्यांत न्यायाधीश आहेत, शल्यविशारद आहेत, एक कुलगुरू आहेत आणि परदेशात पूल बांधणारे एक अभियंताही आहेत.

नामवंत माणसे मला भेटावयास येतात, पण भेटावयास आलो असे कबूल करीत नाहीत. कोणी माझ्यासमोर उभे राहून पाण्याचा कूलर कोठे आहे असे शिपायाला विचारतात; कूलर त्यांच्या डाव्या हाताला दोन पावलांवर असतो. कोणी सोबतच्या मंडळींना इमारतीची जुनी बांधणी समजावून देतात. मात्र नजर आपल्या नावावर एकदा टेकली, की चेहरा शाळकरी मुलासारखा होतो. नंतर ते वरचे आणि खालचे नाव वाचतात व किंचित नाराज होऊन निघून जातात.

वर्ष, नाव आणि पदवी या तीन रकान्यांनी मला कधी त्रास दिला नाही. चौथ्याने दिला. ही माहिती किशोरबाबू हे लिपिक जुन्या कागदांवरून उतरवून देत. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘जन्मस्थळ’ असा स्तंभ असतो. तेथील शब्द त्यांनी निष्ठेने ‘गाव’ या रकान्यात घातला. आता पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडील रीत सर्वांना ठाऊक आहे. परिणाम असा झाला, की माझ्यावरील चौदा नामवंत आपापल्या मामांच्या गावचे ठरले! ही गोष्ट कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण जो तो स्वतःचे नाव वाचण्यात गुंतलेला असे.

गेल्या वर्षी एक निवृत्त न्यायाधीश नातवाला घेऊन आले. ज्या गावी आपण जन्मानंतर जेमतेम सव्वा महिना काढला, त्या गावचे आपण ठरलो आहोत, हे त्यांनी नातवाच्या तोंडून ऐकले. त्यांनी तक्रार केली. समिती बसली. चौदा जणांना पत्रे गेली : आपले गाव स्वतःच्या सहीने कळवावे, उत्तर न आल्यास आहे तेच राहील.

उत्तरे वाचून किशोरबाबूंचा चहा थंड होत असे. एका गृहस्थांनी ‘चिखलदरा’ कळविले. चौकशीअंती तेथे त्यांचे गाव नसून उन्हाळ्यातील बंगला असल्याचे समजले. पूल बांधणाऱ्या अभियंत्यांनी ‘तालुका बहिणीस विचारून कळवितो’ असे लिहिले. अखेर तेरा गावे सूर्यभान पेंटरांनी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली आणि नवी लिहिली.

एकच उत्तर आले नाही. ते डॉ. दामिनी यांचे. त्या अकोल्यास असतात आणि कपाशीवरील बोंडअळीचा अभ्यास करतात. त्यांच्या नावापुढे पिंपळखुटा हे गाव तसेच राहिले. पिंपळखुटा त्यांच्या मामांचे, म्हणजे गोपालरावांचे. गोपालरावांनी माझे छायाचित्र मोठे करून गावच्या वेशीवर लाविले आणि त्याखाली ‘डॉ. दामिनी यांचे गाव’ असे लिहिले. ही वार्ता दामिनीताईंचे वडील गोवर्धनजी यांच्या कानी त्यांच्या गावी, धामणखेड्यात पोहोचली, आणि मग ते स्वस्थ बसतील हे शक्य नव्हते.

गेल्या शनिवारी दुपारी ते आले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी. मागे त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई. त्या येताच बाकावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. सूर्यभान पेंटरांना गोवर्धनजींनी वाटेतूनच उचलून आणले होते.

“काहून हो किशोरबाबू, माह्या पोरीच्या नावापुढं साळ्याचं गाव कोनं लिवलं?”

“काकाजी, दाखल्यावर तेच होतं.”

“दाखल्याले काय समजते! बाप मी हाय का दाखला? सूर्यभान, पुस ते.”

“सही लागते, काकाजी,” किशोरबाबू म्हणाले. “ज्याचं नाव त्याची सही.”

“सहीवालीच येऊन राहिली अकोल्याहून. सूर्यभान, तू बोळा तयार ठेव.”

येथे वाचकांना मागची हकीकत सांगणे प्राप्त आहे. एकोणीस वर्षांपूर्वी दामिनीताई बीएस्सी झाल्या, तेव्हा ‘आता पुरे’ असे म्हणून गोवर्धनजींनी पाहुणे घरी बोलाविले होते. पाहुणे यावयाच्या आधीच मुलगी मामाच्या घरी निघून गेली. गोवर्धनजींनी साळ्याशी बोलणे सोडले, आणि मनकर्णाबाईंना त्या दिवसापासून माहेरचा उंबरठा बंद झाला. पुढे मुलीचे नाव वृत्तपत्रात छापून आले. छापील कीर्तीने बापाचा राग लवकर विरघळतो, असे माझे निरीक्षण आहे; साळ्यावरचा मात्र विरघळत नाही. ‘माह्या पोरीले त्यानं पळवलं’ हे वाक्य गोवर्धनजी अद्याप उच्चारीत असत. ती मुलगी कोणाची, हे त्यांच्या लेखी आता माझ्यावरील एका शब्दाने ठरावयाचे होते.

दामिनीताई आल्या. त्या आधी आईशेजारी बसून पाणी प्यायल्या, मग माझ्यासमोर आल्या. किशोरबाबूंनी कागद पुढे केला. सूर्यभान पेंटर शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बोळा घेऊन उभे होते.

“मले पत्र भेटलं होतं, किशोरभाऊ,” त्या म्हणाल्या. “मी मुद्दामच उत्तर नाई देल्लं.”

“मुद्दाम?” गोवर्धनजींची काठी फरशीवर आपटली. “अव, गाव बापाचं असते!”

“बाबा, या चौदा जनायचं मामाचं गाव चुकीनं लिवलं गेलं. माह्यं बी चुकीनंच लिवलं. पन माह्यं बरोबर लागलं.”

“मी रागात होतो तवा.”

“तुमी रागात होते, मले मालूम हाय. पन इथं यायले सहाची एस्टी पिंपळखुट्याहूनच भेटत होती. सात वर्षं. मामी पाच वाजता उठून डबा बांधे. मामानं एका दिवशी बी नाई इचारलं, का अजून कितीक शिकतं म्हनून.” त्यांचा आवाज थोडा खाली आला. “मी धामणखेड्याचीच हाय, बाबा. ते कोनी पुसू शकत नाई. पन या पाटीवर मी शिकली कुठून ते लिवलं हाय. मी सही करत नाई.”

किशोरबाबूंनी कागद हळूच फाइलीत सरकविला. गोवर्धनजी माझ्याजवळ आले. नामवंतांचे डोळे मी पुष्कळ पाहिले आहेत; पण ते स्वतःचे नाव शोधतात. या गृहस्थांनी मुलीची ओळ डावीकडून उजवीकडे, बोट ठेवून, मोठ्याने वाचली. वर्ष. नाव. पदवी. चौथ्या शब्दापाशी बोट थांबले. तो शब्द उच्चारावयास त्यांना बराच वेळ लागला.

“पिंपळखुटा,” ते म्हणाले. मग वर पाहून खेकसले, “काय पाहून राहिला, सूर्यभान? उतर खाली. ठेव तो बोळा.”

“पुसायचं नाई?”

“बहिरा हायेस काय बे?” आणि मुलीकडे न पाहता, “गोपालचा नंबर हाय का तुयापाशी?”

“हाय. लावून देऊ?”

“लाव.”

फोन कानाला लावून ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. “गोपाल? मी गोवर्धन… हो, जिताच हाय अजून. दामिनीच्या पाटीपाशी उभा हाय. गाव वाचलं… बरोबर लिवलं हाय ते.” पलीकडचे मला ऐकू आले नाही. “येतो मी. तुयी बहीन बी येते. पुढच्या आठवड्यात.”

मनकर्णाबाई बाकावरून उठल्या. त्यांनी पिशवी खांद्याला अडकविली, डोक्यावरचा पदर नीट केला.

“पुढच्या आठवड्यात कायले?” त्या म्हणाल्या. “पाचची एस्टी हाय.”

त्या दाराकडे निघाल्यासुद्धा. गोवर्धनजी फोन हातात धरून त्यांच्या मागे गेले.

वाचकहो, माझ्यावर अद्याप तीन ओळी कोऱ्या आहेत. ज्यांची नावे तेथे यावयाची आहेत, त्यांनी आपला अर्ज कृपया स्वतःच्या हाताने भरावा. वर्ष, नाव आणि पदवी झरझर लिहावी. चौथ्या रकान्यापाशी मात्र थोडे थांबून, सकाळचा डबा कोणी बांधून दिला होता, ते आठवून पाहावे. वेळ लागला तरी चालेल. सूर्यभान पेंटर शिडीवर थांबतील. मी तर येथेच आहे.