भिंतीपलीकडची गुणगुण

मी एक रंधा बोलतोय. लाकडी अंग, त्यात तिरके बसवलेले पोलादी पाते, पाते घट्ट धरणारी पाचर आणि पुढे एक मूठ, एवढाच माझा संसार. फळीचा खडबडीतपणा तासून काढणे हे माझे काम. गोड बोलणे मला कुणी शिकवले नाही. तेव्हा जे घडले ते आहे तसे सांगतो.

मोडक्या तुळईच्या एका तुकड्यातून मला माझ्या मालकाच्या वडिलांनी घडवले. त्यांच्यामागे मी मालकाच्या हाती आलो. मालक सुतार. दारे, कपाटे, बाकडी काहीही करायचा. पण वस्तीत कुणी वारले की शवपेटीही त्याच्याचकडे यायची. शेवटचे माप तोच घेतो म्हणून लोक पाठीमागे त्याला ‘शेवटचा शिंपी’ म्हणत. त्याला ते ठाऊक होते. तोंडावर म्हटले असते तरी चालले असते, असे तो म्हणे.

त्याला दोन सवयी होत्या. सकाळी माझे पाते दगडावर घासताना तो मोठ्याने एका गोष्टीबद्दल प्रभूचे आभार मानायचा. गोष्ट मोठी नसायची. गुडघा आज कमी दुखतो, छत गळले नाही, बायकोला झोप लागली. आभार सापडेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा त्याचा नियम. काही सकाळी काहीच सापडत नसे, आणि मग माझे पाते विनाकारण झिजे. चर्चचे पाळक एकदा कपाट दुरुस्तीला घेऊन आले, तेव्हा आनंद ही देवाची देणगी आहे, असे बोलून गेले. असेलही. देणगीचे मला कळत नाही. धारेचे कळते: ती वापराने जाते, आणि ज्याला हवी त्याने ती पुन्हा लावायची असते.

दुसरी सवय गुणगुणण्याची. मला फळीवर ढकलताना तो उपासनेतले एखादे गीत खालच्या पट्टीत गुणगुणायचा. कपाट असो वा शवपेटी, त्यात फरक नसे. शिवाय पेटी तो आतूनही रंधायचा. कबरी खोदणारा त्याचा जुना सोबती. तो हसायचा, “आतून कशाला एवढी गुळगुळीत? राहणारा काय तक्रार घेऊन येणार आहे?” मालक म्हणायचा, “तक्रार ऐकणारा वर बसलाय.”

दुसऱ्याच्या मरणावर हा माणूस गातो, अशी कुजबुज होतीच. तो वाद घालत नसे.

फक्त एकदा तो गप्प होता. त्याचे पहिले बाळ जन्मल्यावर काही तासांत गेले, तेव्हा बाळाची छोटी पेटी त्याने तोंडातून सूर न काढता केली. बायको भिंतीपलीकडच्या खोलीत बाळंतपणाच्या खाटेवर होती. बाळ गेल्याचे तिला अजून कुणी सांगितले नव्हते. गाण्याशिवाय नुसती माझी खरखर तिने ऐकली, आणि तिला कळले. ती बातमी तिला मी दिली. मला कुणी विचारले नव्हते, तरी दिली ती मीच.

पुढे त्यांना मुलगी झाली. ती शिकली, लांब नोकरीला लागली, प्रार्थनेपासूनही लांब गेली. मग आईच्या पाठीच्या कण्याने दगा दिला, तेव्हा नोकरी सोडून परत आली. आईला कुशीवर वळवणे, अंथरूण धुणे, पाठीवरच्या जखमा पुसणे हे सारे तिच्या वाट्याला. आई कण्हायची. आणि त्याच वेळी भिंतीतून बापाची गुणगुण यायची.

एके दिवशी मुलगी हातातल्या घाण चादरींसकट कार्यशाळेत आली.

“आई तिकडे कण्हतेय आणि तुम्ही इथे गाताय. लाज कशी वाटत नाही, बाबा?”

त्याने माझ्यावरचा हात काढला. “गातो म्हणून संध्याकाळी तिच्यापाशी बसवतं, बाई.”

“मग दिवसाही बसा.”

तिचे चुकले नव्हते. त्या दिवसापासून गुणगुण बंद झाली. दगडापाशीही तो मुकाच बसू लागला, मग बसेनासा झाला. मी बोथटलो. बोथट रंधा लाकूड तासत नाही, ओरबाडतो. माझी खरखर वाढली.

आईने खाणे सोडले. चमचा ओठांशी नेला की ती तोंड मिटून घ्यायची. डॉक्टर येऊन गेले. त्यांना नवे काही आढळले नाही. मुलीने विनवले, रागावली, शेवटी रडली.

आणि एका दुपारी ती पुन्हा कार्यशाळेच्या दारात उभी राहिली, या वेळी रिकाम्या हातांनी. माझ्याखाली शाळेच्या बाकाची फळी होती. तिने आधी फळीकडे पाहिले, मग बापाकडे.

“आई विचारतेय, माझी पेटी अर्धी तरी झाली का. म्हणाली, ह्यांचं गाणं बंद आहे. बाळाच्या वेळीही असंच बंद होतं.”

मालकाने मला फळीवर बाजूला सारले.

“बाबा, गा,” ती म्हणाली.

त्याने तोंड उघडले. सूर आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसता खोकला आला. “तो काय नळ आहे का, पोरी? रोज घासायचो तेव्हा कुठे निघायचं.”

मग त्या मुलीने, जिने कित्येक वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती, माझी मूठ धरली आणि मला फळीवर ढकलत लहानपणी पाठ झालेले गीत सुरू केले. मी अडखळलो. सूर तर असा लागला की, दाराशी झोपलेले कुत्रे उठून गेले. दुसऱ्या ओळीला मालकाला राहवेना. निव्वळ तिची चूक सुधारायला म्हणून त्याने आवाज दिला, आणि मग तो थांबला नाही. गालांवर पाणी होते; तरी सूर सरळ होता.

संध्याकाळी मुलगी सांगायला आली: आईने थोडी पेज घेतली, आणि विचारले, “आधी रेकत कोण होतं?”

सांगताना ती हसली. मग दाराला टेकून बराच वेळ रडली.

आई वाचली नाही. हिवाळा सरण्याआधी गेली. त्या सकाळी मालकाने दगड काढला आणि मला घासत राहिला. मला वाटले, आज माझे पाते संपणार. अखेर तो म्हणाला, “तिला शेवटपर्यंत ऐकू येत होतं. आभार.” पेटी त्याने आतूनही रंधली. सूर मध्येच तुटे. तुटला की मुलगी बेसूर का होईना, पुढची ओळ उचले. कबरी खोदणाऱ्याने आतून तळवा फिरवला.

आता मालकही नाही. त्याची पेटी दुसऱ्या सुताराने यंत्रावर केली. आतून कशी होती, मला ठाऊक नाही. मी मुलीच्या खिडकीत असतो. लाकूड माझ्याखाली येत नाही, पण रोज सकाळी ती माझे पाते काढून दगडावर घासते आणि काहीतरी एक सापडते का ते पाहते. तिचा विश्वास किती परतला, हे मी सांगू शकत नाही. तीही सांगत नाही. बरेचदा काही सापडत नाही, आणि ती घासतच राहते. पाते आता बोटभर उरले आहे.

मागणे माझे एकच. दुःखाच्या घरात कुणी गुणगुणताना आढळले, तर त्याला गप्प करण्याआधी भिंतीपलीकडे कोण ऐकत पडले आहे, ते पाहून या.