उभ्या गाडीतली तपासणी

आगीच्या बंबांच्या आगारात वायरलेस सेट दुरुस्त करणारा मिस्त्री हाताने कसबी, पण जिभेने महातिखट. सेट बिघडला की आधी ड्रायव्हरची हजेरी घ्यायचा. "माईकच्या वायरीला लोंबकळता काय रे? चहा काय सेटला पाजता?" आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं निघायचं, हीच तर पंचाईत.

त्याचे भावजी, सख्ख्या ताईचा नवरा, तिथेच ड्रायव्हर. खडीच्या रस्त्याला लागलं की आवाज गायब होतो, अशी तक्रार त्यांनी तीनदा केली. मिस्त्रीने तिन्ही वेळा आवारात, इंजिन बंद ठेवून सेट लावून पाहिला. आवाज खणखणीत. वहीत लिहिलं, ठीक.

"मेव्हणे, एकदा धावत्या गाडीत शेजारी बसा की," भावजी म्हणाले.

"मला काय फिरायला नेताय? आधी कान तपासून घ्या, भावजी!" सगळे हसले. भावजीही हसले.

मग नदीला पूर आला. भावजी एकटेच पलीकडे दोर पोचवायला निघाले होते. नियंत्रण कक्षातून पाच वेळा सांगितलं, पूल खचतोय, परत फिरा. ते फिरले नाहीत. पुलासकट गाडी गेली.

ताई रडली नाही, संतापली. "हट्टी मेला! घरात कधी कुणाचं ऐकलं नाही, तिथे काय ऐकणार? गेला शहाणा आम्हाला वाऱ्यावर सोडून." भेटायला येईल त्याला हेच. मिस्त्रीही मान डोलवायचा. त्यालाही तसंच वाटत होतं.

दोन आठवड्यांनी गाडी नदीतून काढली आणि तिचा सेट त्याच्या टेबलावर आला. त्याने अँटेनाच्या वायरीचा जोड उघडला. आतली तार तुटलेली. पाण्याने नव्हे, तुटलेली टोकं जुनी होती, एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेली. गाडी उभी असली की टेकायची, हादरा बसला की सुटायची. दहा मिनिटं शेजारी बसला असता तर कळलं असतं! गप्प राहिला असता तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. पण तो तडक ताईकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"म्हणजे त्यांना ऐकूच आलं नाही?"

"नाही, ताई."

"आलं असतं तर फिरले असते?"

"लगेच फिरले असते."

मिस्त्रीने हात पुढे केला, तो तिने झटकला.

"जा तू. मला त्यांच्यासाठी रडायचंय. तुझ्यासमोर नाही रडायचं."

तो बाहेर आला. मागे दार लागलं आणि आतून ताईचा हंबरडा ऐकू आला. मिस्त्री जिन्यातच बसला. आत जायला त्याला तोंड उरलं नव्हतं.