मी पुसलेल्या नऊ हाका

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. तसं वय फार नाही, तिसरं वर्ष सरतंय. पण चौलची खारी हवा आणि माणसाच्या कानशिलाचा घाम मिळून भल्याभल्यांना म्हातारं करतात. माझ्या कानांच्या गाद्या सोलवटल्या आहेत आणि त्यांचे काळे पापुद्रे क्षिप्राच्या गालाला चिकटतात. उजवी बिजागरी चिकटपट्टीने बांधलेली आहे. पूर्वी एकदा चार्ज केलं की दोन-तीन दिवस निघायचे, आता संध्याकाळ व्हायच्या आत मी मान टाकतो. त्याची तक्रार नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे. मला सगळं ऐकू येतं, दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे पोचवता येतं, फक्त स्वतःचं असं एक अक्षरही बोलता येत नाही. म्हणून ती राहून गेली.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. शेकडो भावंडं एका रांगेत होतो. मला डोक्यावर चढवून एका बाईंनी आधी पंख्याचा, मग विमानाचा, मग बाजाराचा आवाज लावला आणि मान डोलावून माझ्या खोक्यावर शिक्का मारला. मी पास झालो होतो.

माझं काम काय, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या अंगाला बाहेरून बारीक छिद्रं आहेत. त्यांतून मी बाहेरचा आवाज ऐकतो, क्षणात त्याच्या बरोबर उलटा आवाज तयार करतो आणि दोघांना एकमेकांवर सोडतो. दोघेही जागच्या जागी संपतात. म्हणजे जो आवाज तुम्हाला नको असतो, तो आधी मला ऐकावाच लागतो. घरघर, गुणगुण, एकसुरी चालणारं यंत्र मी अगदी स्वच्छ पुसतो. माणसाचं बोलणं मला तितकं पुसता येत नाही. पण ते लांबून येत असेल, मधे माझी जाड गादी असेल आणि आत आणखी कुणी बोलत असेल, तर तेही बुडून जातं.

क्षिप्रा ही दादांची एकुलती मुलगी. दादा म्हणजे निवृत्त मास्तर, घरामागे त्यांची नारळ-सुपारीची वाडी. क्षिप्राची आई गेली आणि दादा एकटे पडले, तेव्हा क्षिप्रा पुण्यातली खोली सोडून घरी आली. तिची नोकरी एका विमा कंपनीत. दवाखान्याचं बिल अडकलं की माणसं चिडून, रडून फोन करतात, ते फोन घ्यायचे. ते घरूनही घेता येतात. पडवीतल्या खिडकीपाशी तिने टेबल मांडलं, आणि चौथ्याच दिवशी वरच्या साहेबांनी विचारलं की तुमच्या मागे कसली गिरणी चालू आहे?

गिरणी नव्हती, विहिरीवरची मोटर होती. वाडीला पाणी लावण्याची या घराची एक रीत होती. मोटरीचं बटण पडवीच्या भिंतीवर. दादा खोरं घेऊन खाली जायचे, पाटाचं पाणी एकेका झाडाच्या आळ्यात वळवायचे, आणि शेवटचं आळं भरलं की तिथून हाळी द्यायचे. घरातल्या माणसाने ‘ओ’ द्यायची आणि बटण बंद करायचं. हाळी ऐकू आली नाही तरी अडत नसे, कारण या घरातले कान मोटरीला बांधलेले होते. पाऊण तास उलटला की जेवणारा माणूसही घास हातात धरून म्हणायचा, मोटर अजून चालू कशी?

तर साहेबांची बोलणी बसली आणि बापलेक अलिबागच्या दुकानात आले. दुकानदाराचं नाव विपुल. क्षिप्राला हवे होते कानात बसणारे छोटे इअरफोन, हलके, डबीत मावणारे. विपुलने ते घालून बघायला लावले. तिचे कान लहान, मान वळवली की उजवा निसटायचा. शिवाय आठ तासांच्या नोकरीत त्यांना मधेच डबीत निजवावं लागतं. मग त्याने मला काढलं. त्याने आणखी एक गोष्ट फोड करून सांगितली, ती मला आवडली. तो म्हणाला, “बेन, तुम्हाला आवाज न येणं वेगळं, आणि समोरच्याला तुमच्या घरचा आवाज न जाणं वेगळं. लोक एक बघून घेतात आणि दुसऱ्यासाठी भांडायला येतात. ह्याच्यात दोन्ही आहे.”

क्षिप्राने मला घालून बघितलं. जड आहे, कान तापतात, ती म्हणाली. ती मला परत ठेवणार तेवढ्यात दादांनी मला हातात घेतलं आणि विचारलं, यात पाण्याच्या मोटरीचा आवाज जातो का? विपुल म्हणाला, तोच तर सर्वांत छान जातो. मग दादांनी ऐकलंच नाही. माझ्या मोटरीपायी पोरीने कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, हाच घ्यायचा. मित्रांनो, मला निवडलं ते दादांनी.

निघताना विपुलने उजव्या कानाच्या पाठीमागचं एक छोटं बटण दाखवलं. ते दाबलं की मी पुसणं थांबवतो आणि बाहेरचं सगळं आत येऊ देतो. घरात कुणी बोलायला आलं की हे दाबायचं, तो म्हणाला. दादांनी ते दोनदा समजावून घेतलं. क्षिप्रा तेव्हा खोक्यावरचा रंग बघत होती.

पहिली दोन वर्षं माझी चंगळ होती. कावळे, शेजारचा मिक्सर, पत्र्यावर धपकन पडणारी झावळी, हळदीचा डीजे, सगळं मी पुसलं. साहेबांनी क्षिप्राचं कौतुक केलं, तिने माझं केलं. पण खरा हातखंडा मोटरीचा. ती सुरू झाली की मी अंग सावरून बसायचो. दोन सेकंदांत विहीर गप्प. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

हळूहळू घराची रीत बदलली. एकदा-दोनदा हाळीला ‘ओ’ आली नाही, तसं दादांनी हाळी देणंच सोडलं. आळी भरली की ते स्वतः वर येऊन बटण बंद करायचे आणि क्षिप्राच्या पाठीमागून चोरपावलांनी निघून जायचे. तिने एकदा मला सरकवून म्हटलंसुद्धा, दादा, कशाला एवढी चढण चढता? मला काय, चार पावलं, ते म्हणाले. वय त्र्याहत्तर. मी ऐकत होतो.

मग मार्चमधला तो दिवस आला. दुपारचे चार वाजले होते. दादांनी मोटर लावली, मोबाईल पाण्यात पडायला नको म्हणून नेहमीसारखा ओटीवर ठेवला आणि ते खाली गेले. मी मोटर पुसली. आत फोनवर साताऱ्याचे एक गृहस्थ होते. बायको दवाखान्यात, बिल नामंजूर, आणि बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं. दुसऱ्या कुणी फोन पुढे ढकलला असता. क्षिप्रा तशी नाही.

तेवढ्यात माझ्या बाहेरच्या छिद्रांना पहिली हाक लागली. लांबून, वाडीच्या तळातून.

“मोटर बंद कर गं.”

आत क्षिप्रा त्या गृहस्थांना म्हणत होती, “काका, तुम्ही बोला. मी ऐकतेय.”

शेवाळावरून दादांचा पाय सरकला होता आणि ते कमरेवर आपटून एका आळ्यात पडले होते. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त हाका कळत होत्या. मोटर बंद कर, असं तीन वेळा. मग क्षिप्रा, क्षिप्रा, असं चार वेळा, प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली. आठवी हाक भागोजीला होती. भागोजी म्हणजे नारळ पाडायला येणारा माणूस. तो सकाळीच काम उरकून गेला होता, हे दादा विसरले असावेत. नववी हाक फार हळू आली. लहानपणी क्षिप्राला स्वतःचं नाव म्हणता यायचं नाही, ती स्वतःला छिपू म्हणायची. ती हाक छिपूला होती.

मी काय करणार होतो? गळा नाही, हात नाही. तिच्या दोन्ही कानांना घट्ट धरून बसलो होतो, माझ्याइतका तिच्या जवळ दुसरा कुणी नव्हता, आणि प्रत्येक हाक तिच्यापाशी पोचायच्या आत माझ्या गादीत मरत होती. अर्धा तास गेला, तास गेला. मी सोडून दुसरा कुठलाही हेडफोन तिथे असता, अगदी फुटपाथवरचा स्वस्तातला, तरी मोटरीची घरघर तिला ऐकू आली असती आणि ती दचकून म्हणाली असती, मोटर अजून चालू कशी? पण मी चांगला होतो. मी पास झालेला होतो.

भागोजी आला तो विसरलेला दोर न्यायला. कुंपणाखालून पाणी रस्त्यावर आलेलं बघून तो धावत पडवीत शिरला आणि त्याने टेबल हलवलं. क्षिप्राने मला गळ्यात ओढलं.

“ताई, मोटार कदीची चालू हाय?” तो म्हणाला. “पानी पार रस्त्याला लागलंय. दादा कुठं हायत?”

आत्ताच लावलीय, असं म्हणत तिने घड्याळाकडे बघितलं. साडेपाच वाजून गेले होते. बटण भागोजीने बंद केलं. ती तोवर पळत सुटली होती आणि मी तिच्या गळ्यात आपटत होतो.

दादा छातीपर्यंत पाण्यात होते. एका रोपाच्या बुंध्याला हात घालून त्यांनी मान वर धरली होती. ओठ पांढरे पडले होते. क्षिप्रा गुडघ्यावर बसली, तेव्हा तिच्याकडे बघून ते म्हणाले, “संपला का तुझा कॉल?”

त्यांना उचलताना मी आड आलो, म्हणून तिने मला भिरकावलं. दगडावर माझी बिजागरी मोडली. चिखलात पडून मी ऐकत राहिलो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि दादा वॉकर घेऊन घरी आले. मला भागोजीने धुऊन-पुसून आणून दिलं होतं, पण क्षिप्राने मला खणात टाकलं. दोन महिने मी बंद होतो. बंद असलो की मी बहिरा असतो. ते दिवस मला बरे गेले.

एके सकाळी तिने मला बाहेर काढलं, बिजागरीला पट्टी लावली, चालू केलं आणि गळ्यात अडकवून ती ओटीवर दादांसमोर येऊन बसली. मग तिने विचारलं, “दादा, खरं सांगा. तुम्ही मला हाक मारली होती?”

मित्रांनो, मी नऊ मोजल्या होत्या. त्या हाका जगात दोघांनाच ठाऊक होत्या, एक दादांना आणि एक मला. दादा वॉकरच्या मुठीवरचं रबर चोळत राहिले.

“नाही गं,” ते म्हणाले. “तुझं काम चालू होतं, ठाऊक होतं मला. कशाला मारू हाक?”

क्षिप्रा तोंड झाकून रडली. पण मला तिच्या गळ्याशी कळत होतं, तिचा श्वास मोकळा होत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा. दादांना तेच हवं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं आणि सांगू नये असंही वाटलं, आणि दोन्हीपैकी काहीच माझ्या हातात नव्हतं.

त्यानंतर ती मला एकच कान झाकून घालायची. डावा कान कामाला, उजवा दादांना. पंधरा दिवस असं चाललं. मग साहेबांचा निरोप आला की तुमचं लक्ष नसतं. एका दुपारी दादाच वॉकर टेकत टेबलाशी आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझी उजवी बाजू तिच्या कानावर नीट बसवली. मी कुठे जातोय आता, असं म्हणून ते हसले. तिने त्यांचा हात दाबला. समोर फोन वाजत होता.

आज आत्ता दुपारचे सव्वातीन झाले आहेत. आत कुणी बाई बिलाचा आकडा सांगते आहे. बाहेर ओटीवर दादांनी हाक मारली आहे. मोठ्याने नाही. ते हल्ली मोठ्याने मारतच नाहीत, बघू, लागली तर लागली, अशी मारतात. “छिपू, थोडं पाणी दे गं.” एवढंच. ते थांबले आहेत. आता वॉकरचं रबर फरशीवर टेकल्याचा आवाज येतो आहे. एक. मग बऱ्याच वेळाने दुसरा. स्वयंपाकघराला एक पायरी आहे. मी ऐकतो आहे आणि पुसतो आहे.

तुमच्याही घरी माझं कुणी भावंड असेल. त्याला चिखलात फेकू नका, त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच येतं. पण ते बटण उजव्या कानाच्या पाठीमागे असतं. अंगठा सहज पोचतो.