बदलीचा देव

नौपाड्यातले पोपटराव पोस्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. नोकरी लागायच्या आधी, पंचविशीत, ते एका कॅलेंडरवाल्या चित्रकारासमोर तीन दिवस खंडोबा म्हणून बसले होते. घोड्याच्या जागी लाकडी बाक होता, तलवारीच्या जागी छत्री. चित्रकाराने घोडा नि तलवार मनाने काढली, चेहरा मात्र जसाच्या तसा उतरवला, डाव्या भुवईवरच्या व्रणासकट.

ते चित्र पुढे कुठे गेलं, हे त्यांना गेल्या वर्षी कळलं. पोस्टातल्या कमलेशच्या बहिणीच्या हळदीला ते आंबिवलीला गेले होते. तिथे देवघराच्या भिंतीवर त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं, हार घातलेलं, कपाळी भंडारा लावलेलं. त्यांनी संकोचत कमलेशच्या आजीला, कमळाबाईंना, सांगितलं की हा मीच. कमळाबाईंनी आधी त्यांना, मग तसबिरीला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या की असाल, पण आमच्याकडे चाळीस वर्षं तो देव आहे.

यंदा खंडोबाच्या नवरात्राच्या पहिल्याच सकाळी शेजाऱ्यांनी भिंतीला ड्रिल लावलं. तसबीर खाली आली, काच फुटली आणि कागद घोड्याच्या मानेपासून देवाच्या हनुवटीपर्यंत फाटला. फाटलेला देव पूजेला चालत नाही. मोबाइलमधल्या फोटोवरून कमलेशने कल्याणला नवी प्रत करायला टाकली. दुकानदाराने षष्ठीचा वायदा केला. तोवर बाजारातून दुसरी तसबीर आणायची, तर कमळाबाई ऐकेनात. परक्या तोंडाच्या देवापुढे त्या घट मांडणार नव्हत्या. थोडा विचार करून त्यांनी कमलेशला गाडी घेऊन नौपाड्याला पाठवलं.

अर्ध्या तासाचं काम असेल, असं समजून पोपटराव इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांना चौरंगावर बसवलं, शेजारी घट मांडला, आरती झाली. ते उठायला लागले तेव्हा कमळाबाईंनी हात आडवा केला. घट बसला की देव हलवायचा नसतो.

"कधीपर्यंत?" पोपटरावांनी विचारलं.

"षष्ठीपर्यंत. आणि देव बोलत नाय."

घरात बरीच चर्चा होऊन ठरलं की जेवण नैवेद्य म्हणून मिळेल, झोपायला तिथेच गादी घालायची आणि बाथरूमला जाताना देवाने आपला चष्मा चौरंगावर ठेवायचा. तेवढ्यापुरता चष्मा देव. पोपटराव भिंत चाचपत जायचे. परत येईपर्यंत कुणीतरी चष्म्यासमोर हात जोडून उभं असायचं आणि त्याचं आटपेस्तोवर त्यांना दाराशी थांबावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी पोपटरावांच्या पत्नी विमलाबाई त्यांची बीपीची गोळी घेऊन आल्या. त्यांना रांगेत उभं राहावं लागलं. कमळाबाईंनी गोळीभोवती पाणी फिरवून ती देवाला दाखवली आणि मगच तोंडात घालू दिली.

गल्लीतली माणसं येत होती. पोस्टात लोक खिडकीशी येऊन भांडायचे. इथे येऊन रडत होते. पोपटरावांना आधी बरं वाटलं, मग ते समोरच्याकडे न बघता घटाकडे बघायला लागले.

चौथ्या दुपारी कमलेशची बायको समृद्धी समोर येऊन बसली. तिने फार्मसीचा डिप्लोमा केला होता. कल्याणच्या एका मेडिकलमध्ये काम मिळत होतं, पण घरात विषय काढायची तिला भीती वाटत होती.

"मला खरं म्हणजे तसबिरीतल्या देवाला विचारायचंय, काका," ती म्हणाली. "पण आता तुम्हीच बसलायत."

पोपटरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "जा."

कमळाबाईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या हातातल्या डावासकट बाहेर आल्या आणि कोण बोललं, तुमी का देव, असं विचारू लागल्या. पोपटराव गोंधळले. बोलले तेच होते, पण चार दिवस न बोलल्याने आवाज इतका घोगरा निघाला होता की त्यांना स्वतःलाच तो ओळखू आला नव्हता. सांगता येत नाही, असं त्यांनी खरं ते सांगितलं.

"चाळीस वर्सं मी विचारतेय," कमळाबाई हळूच म्हणाल्या. "मला एकदा नाय बोलला."

त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी समृद्धीला कल्याणला सोडून ये, असं त्यांनीच कमलेशला सांगितलं. ही बातमी गल्लीत पसरली आणि रांग दुप्पट झाली. पोपटरावांनी मात्र उरलेले दोन दिवस ओठ घट्ट मिटून काढले.

षष्ठीला नवी तसबीर आली. दुकानदाराने कौतुकाने चेहरा साफ केला होता. व्रण गेला होता, भुवया सारख्या झाल्या होत्या, देव गोरापान झाला होता आणि पोपटरावांसारखा मुळीच दिसत नव्हता. आजी आता काय म्हणते, म्हणून कमलेश घाबरला. कमळाबाईंनी देवाच्या कपाळाला भंडारा लावला.

"हा चालंल," त्या म्हणाल्या. "हा बोलायचा नाय."

मग त्यांनी पोपटरावांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि खांद्याला धरून त्यांना जागचं हलवलं. झालं विसर्जन. पोपटरावांचे गुडघे धरले होते. कमलेशने त्यांना उठवून पाटावर बसवलं आणि कमळाबाईंनी दहीभात वाढला. मग त्या शेजारीच जमिनीवर बसल्या आणि जे इतकी वर्षं विचारत होत्या ते त्यांनी पोपटरावांना सांगितलं. त्यांच्या यजमानांनी, काळुरामांनी, भाताची जमीन बिल्डरला दिली तेव्हा त्या हो म्हणाल्या होत्या. ते बरं केलं का वाईट?

पोपटरावांनी घास खाली ठेवला. आपल्याला ठाऊक नाही, असं ते म्हणाले.

कमळाबाईंनी मान हलवली. ठाऊक नाही म्हणून सांगायला तरी कुणीतरी भेटलं होतं. त्यांनी पातेलं पुढे ओढलं आणि त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला.